बुधवारची प्लेट आणि कामठ्याची तुरजाबाई

आयुष्यभर लोकांचं रक्त काढून मी निवृत्त झाले. ‘काढलं कमी, प्यायलं जास्त,’ अशी दुरुस्ती आमचे हे करतात. हे शाळेत मास्तर होते. दुसऱ्याच्या वाक्यात तांबडी शाई मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

गोंदियातल्या एका खाजगी लॅबमध्ये मी नव्व्याण्णव साली लागले. लॅब तीन खोल्यांची. मालक म्हणजे आमचे डॉक्टरसाहेब, पॅथॉलॉजिस्ट, हिंदीत बोलणारे आणि हिंदीतच चिडणारे. काचेच्या नळ्या धुवायला देवाजी, आणि बाकी सगळ्याला मी. साखर, हिमोग्लोबिन, लघवी ही रोजची भाजीभाकरी. पण माझ्या मानाची गोष्ट होती थायरॉइडच्या अँटिबॉडीची तपासणी. हे नाव ऐकलं की पाहुणे चहाचा कप उचलून बाहेर जातात, म्हणून आधी सोपं करून सांगते.

गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. शरीराची शेगडी म्हणा. ती मंद पेटली की माणूस मंद, जोरात पेटली की माणूस सैरभैर. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढायला अँटिबॉडी नावाचे राखणदार असतात. कधीकधी या राखणदारांचं डोकं फिरतं आणि ते आपल्याच थायरॉइडवर तुटून पडतात. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते हे. असे फितूर राखणदार रक्तात आहेत का आणि किती आहेत, एवढंच आम्ही शोधायचो.

त्यासाठी एक प्लास्टिकची प्लेट लागते. इडलीपात्र डोळ्यांसमोर आणा, फक्त खळगे शहाण्णव आणि एकेका खळग्यात हरभऱ्याचे दोन दाणे कसेबसे मावतील एवढीच जागा. तळाला कंपनीने थायरॉइडचा अंश चिकटवून दिलेला असतो. त्यावर पेशंटच्या रक्तातलं वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, घालायचं. फितूर असले तर ते तळाला चिकटून बसतात. मग धुवायचं, दुसरं औषध घालायचं, पुन्हा धुवायचं, शेवटी रंगाचं पाणी आणि ॲसिड. चिकटलेले असतील तर खळगा पिवळा होतो, नसतील तर पाण्यासारखा राहतो. जितका पिवळा, तितके फितूर. मशीन फक्त पिवळेपणा मोजून आकडा देते.

एकदोन पेशंटसाठी हा सगळा खटाटोप परवडत नाही, म्हणून आठवडाभर नमुने फ्रीजमध्ये साठवायचे आणि बुधवारी प्लेट लावायची. जिल्हाभरातले डॉक्टर पेशंटला सांगायचे, ‘बुधवारी लागेल, गुरुवारी मिळेल.’ लोडशेडिंगच्या वेळा पाहून मी सकाळी किती वाजता पहिला थेंब टाकायचा ते ठरवायची. लग्नाचा मुहूर्त काढणारे गुरुजी माझ्यापेक्षा कमी डोकं लावत असतील.

आता खरी गंमत. मशीन खरं बोलते की नाही, हे कसं ओळखायचं? तर दर प्लेटवर दोन ओळखीची रक्तं बसवायची. एक पक्कं पॉझिटिव्ह, एक पक्कं निगेटिव्ह. याला कंट्रोल म्हणतात. ह्यांना हे लगेच कळलं होतं, ‘म्हणजे वर्गातला पहिला नंबर आणि शेवटचा नंबर आधी तपासायचा. ते दोघं जागेवर असले की बाकीचे पेपर बरोबर तपासले गेले.’ कंपनी किटबरोबर दोन्ही कंट्रोलच्या इवल्याशा बाटल्या देते. पण माझा स्वभाव असा, की दुसऱ्यानं निवडलेल्या तांदळातही मी खडे शोधते. म्हणून मी घरचेही दोन कंट्रोल ठेवले होते. त्यांतला पॉझिटिव्ह म्हणजे कामठ्याची तुरजाबाई आणि निगेटिव्ह म्हणजे मी.

तुरजाबाई पहिल्यांदा आली ती मुलाच्या आधाराने. धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, करताना ही बाई बांधीतल्या चिखलातच बसून झोपायची. कामाला वाघीण असलेली बाई अशी कशी झाली, म्हणून आधी लोकांनी आळशी म्हटलं, मग कुणी करणी केली म्हटलं, मग अंगारे-धुपारे झाले आणि सगळ्यांत शेवटी आम्ही. तिचं सीरम प्लेटवर घातलं तर खळगा पिवळा कसला, हळदीचं पाणी! मशीनने आकडाच दिला नाही, ‘ओव्हर’ म्हणून हात वर केले. शंभरपट पातळ केलं तेव्हा कुठे आकडा आला. 

गोळी सुरू झाली, तरी वर्षभर फरक नाही. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाई गोळी चहात बुडवून खाते, बिस्किटासारखी. मी अशी रागावले की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. “उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर! चहा अर्ध्या तासानं! समजलं?” समजलं. दोन-तीन महिन्यांत बाई पुन्हा वाघीण झाली. शेगडी गोळीवर चालू लागली, पण रक्तातले फितूर मात्र जागच्या जागी राहिले, आणि कंट्रोलसाठी मला असंच रक्त हवं होतं. कावीळ वगैरे सगळं तपासून मी तिला भीतभीत विचारलं, की कधीमधी थोडं रक्त देशील का.

“माया रगतावर तुमची मशीन चालते, तं मले कायले विचारता? घ्या किती पायजे तितकं!”

तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी ती यायची. येताना कधी सिंगाडे, कधी लाखोळीची डाळ. गावात तिचा रुबाब वाढला. नळावर भांडण झालं की म्हणायची, “गोंदियाच्या साऱ्या बायांचं रगत माया रगताशी मापून पायतेत. माया नादी लागू नोको!”

माझं रक्तही मी असंच काढायची. डाव्या दंडाला पट्टा, त्याचं एक टोक दातात. छोट्या नळ्यांमध्ये भरून, ‘एन’ लिहून फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात. तुरजाबाई ‘पी’ लिहून खालच्या कप्प्यात. दर बुधवारी तिचा खळगा पिवळाधमक आणि माझा स्वच्छ. माझा आकडा चार नाहीतर पाच. दहाच्या वर गेला तर प्लेट रद्द, असा नियम मीच वहीत लिहून ठेवला होता. आठ-नऊ वर्षं तो नियम वापरायची वेळ आली नाही. मनातल्या मनात मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

मग एका वर्षी होळीच्या सुमाराला माझा आकडा सात आला. नंतर नऊ. मी म्हटलं, चालायचंच. एप्रिलमध्ये तेरा आला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिला बळी देवाजी. त्याच्या डिस्टिल्ड पाण्यात खोट आहे, असं मी जाहीर केलं. तो शांतपणे म्हणाला, “बाई, वीस वर्स नळ्या धून राहिलो. आजवर एका नळीनं तक्रार नाही केली.” पाणी बदललं. आकडा सतरा. मग मी फ्रीझरवर घसरले. लोडशेडिंगमध्ये बर्फ वितळून माझं रक्त शिळं झालं असणार. म्हणून ताजं काढलं. ताज्यानं तर आकडा बावीसवर गेला! मग कंपनीला फोन. नागपूरहून इंजिनिअर आला, मशीन उघडली, पुसली, बंद केली. म्हणाला, “मॅडम, आमचा निगेटिव्ह कंट्रोल तर एकदम ठीक येतोय. फक्त तुमचाच बिघडतोय.”

“म्हणजे तुमच्या बाटलीत गडबड आहे,” मी म्हटलं. आता हे वाक्य लिहिताना मला माझीच कीव येते. कंपनीचा निगेटिव्ह बरोबर, माझा चूक, म्हणून मी कंपनीवर संशय घेतला! त्याच्याशी चांगलं अर्धा तास भांडायचा माझा विचार होता, पण मधेच आपण कशावरून भांडतोय तेच मी विसरले. शिवाय आवाज बसला होता. तो बिचारा चहा पिऊन निघून गेला.

खरं म्हणजे त्या दिवसांत माझं काहीच धड चालत नव्हतं. गोंदियाचा मे महिना, बाहेर कावळासुद्धा तोंड उघडं ठेवून बसलेला, आणि मला कूलरचा वारा सोसवेना. मी कूलर बंद करून टाकायची. देवाजी ओला पंचा डोक्यावर घेऊन नळ्या धुवायचा. साडीवर मी स्वेटर घालायला लागले. संध्याकाळी आठलाच डोळे मिटायचे. पोलक्यांच्या शिवणी उसवून झाल्या तरी पोलकी अंगात जाईनात. मी म्हटलं, वय झालं. ह्यांनी नंतर कबूल केलं, “तीन महिने तू घरात भांडलीच नाहीस. मला वाटलं, देवानं ऐकलं. म्हणून गप्प बसलो.” 

याच वेळी तुरजाबाई सुनेला घेऊन आली. सुनेचं नाव ममता. नाजूक, हसरी पोरगी. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडलं. तिच्या डॉक्टरणीने बाकीच्या तपासण्यांबरोबर थायरॉइड आणि त्याच्या अँटिबॉडीही लिहून दिल्या होत्या. पण तुरजाबाईचा चेहरा मला वेगळाच दिसला. नेहमीची फुशारकी नाही, पिशवीत सिंगाडे नाहीत.

रक्त देऊन ममता बाहेर गेली तशी ती हळूच म्हणाली, “बाई, माया जेठानं बैठकीत सांगतलं, सासूचा रोग सुनेले लागला. म्हने, तुया रगतानंच नातू खाल्ला.” जेठ म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, घरातला कर्ता. त्याचा निकाल असा, की मृग लागायच्या आत ममताने माहेरी जायचं, नाहीतर तुरजाबाईने शेतातल्या झोपडीत वेगळं राहायचं. पोरीचं घर मोडू नये म्हणून ही बाई आधीच वेगळ्या ताटात जेवू लागली होती. “पन आदी तं एकाच गुंडातलं पानी पेलो ना आमी. खरंच लागलं असंन का वो?”

“अगं, एका भांड्यातलं पाणी प्यालं म्हणून लागायला हा काय खोकला आहे का? हा रोग असा लागत नाही!”

“तुमी सांगता ते मले पटते. जेठाले कागद पायजे.”

गुरुवारी देते म्हटलं. बुधवारी प्लेट लावली. माझा कंट्रोल सव्वीस. प्लेट रद्द, रिपोर्ट बंद. पुढच्या बुधवारी एकतीस. त्याच्या पुढच्या बुधवारी अडतीस. तिन्ही वेळा ममताचा खळगा पाण्यासारखा स्वच्छ होता, हे मी या डोळ्यांनी पाहत होते. डॉक्टरसाहेब म्हणाले, “लीलाजी, कंपनी का कंट्रोल पास है, तुरजाबाई पास है. रिपोर्ट दे दो ना!”

“माझा कंट्रोल फेल असताना मी देणार नाही, सर. नियम म्हणजे नियम.”

“तो ठीक है. अगले बुधवार फिर आउट हुआ तो टेस्ट बंद. सारे सॅम्पल नागपुर जाएंगे.” तेही आता कावले होते. चिचगडचे एक म्हातारे गुरुजी देवरीला बस बदलून दोनदा पुन्हा रक्त द्यायला आले होते आणि दोन्ही वेळा मी त्यांना हात हलवत परत पाठवलं होतं. 

तिसऱ्या गुरुवारी भर दुपारी तुरजाबाई एकटीच आली. मृगाला आठ दिवस उरले होते. ती दारातच कडाडली, “बाई, तीन बुधवार झाले! कागद काऊन देऊन नाही राहिल्या? पोरीनं पेटी भरून ठेवली माहेरी जाच्यासाठी!”

मी समजावू लागले, की मशीनमध्ये काहीतरी दोष आहे, सापडत नाही, चूक कागद देण्यापेक्षा उशीर बरा. बोलता बोलता माझी वाक्यं रेंगाळत होती. ती ऐकत नव्हतीच. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. मग जवळ आली, माझा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला.

“बाई, मे महिन्यात सुटर कायले घातला?”

“कूलरचा वारा लागतो.”

“कूलर तं बंद आहे.”

देवाजी मागून म्हणाला, “महिन्यापासून बंद आहे. मी भाजून राहिलो.”

“डोळे सुजून राहिले तुमचे. आवाज भांड्यात बोलल्यावानी. कातडी कोरडी.” आणि एकदम तिचा चेहरा पांढराफटक पडला. “अवो माय! मी असीच होती! बांधीत झोपायची तवा मी अस्सीच दिसत होती! बाई, दहा वर्स मायं रगत हाताळलं तुमी. लागलं वो तुमाले, मायं रगत लागलं!” आणि ती मटकन बाकावर बसून रडायलाच लागली.

“काहीतरीच काय बोलतेस! मला काही झालेलं नाही.”

“तुमचं रगत तपासून पाहा आदी!”

मला राग आला. किती महिन्यांनी खरा राग आला! “माझं रक्त मी दर बुधवारी तपासते, तुरजाबाई! दर बुधवारी माझंच रक्त...”

देवाजीच्या हातातली नळी खाली पडली. वीस वर्षांत त्याच्या हातून फुटलेली ती एकच नळी.

मी कंट्रोलची वही उघडली. चार, पाच, चार, पाच. सात. नऊ. तेरा. सतरा. बावीस. सव्वीस. एकतीस. अडतीस. मशीन महिनोन्‌महिने ओरडून सांगत होती, आणि मी तिचं तोंड दाबायला नागपूरहून माणूस बोलावला होता. जिल्ह्यात एवढ्या बारकाईने कुणाच्या आजाराची नोंद झाली नसेल. नोंद करणारी मी, आजारी मी, आणि वाचता न येणारीही मीच.

आधी हसू आलं. मग ममताची भरलेली पेटी आठवली आणि हसू विरलं. त्या पोरीचा रिपोर्ट पहिल्या बुधवारीच बरोबर होता. माझ्या रक्ताच्या माजापायी मी तो तीन आठवडे अडवून धरला होता. याचं वाईट मला आजही वाटतं, आणि चिचगडच्या गुरुजींचंही.

बुधवारची वाट कोण पाहतो? त्याच दुपारी मी डॉक्टरसाहेबांचा दंड धरला. “सर, बाही वर करा. आजपासून निगेटिव्ह कंट्रोल तुम्ही.” ते “अरे अरे” म्हणेपर्यंत रक्त काढून झालं होतं. दोन-चार पेशंटसाठी किट फोडायचं नाही, हाही माझाच नियम, तो मोडला. कंपनीचा कंट्रोल स्वच्छ. साहेबांचं रक्त स्वच्छ. तुरजाबाई पिवळीधमक. ममता स्वच्छ, चौथ्यांदा. आणि तिच्या शेजारच्या खळग्यात मी, छान पिवळी.

प्लेट मी तशीच बाहेर नेऊन तुरजाबाईच्या हातात दिली. “हा पिवळा खळगा तुझा. हा हळद लागलेला नवरदेव मी. आणि ही बघ तुझी सून. एका गुंडातलं पाणी प्यायली, एका चुलीवरचं जेवली, काही दिसतं का पिवळं? आणि हा देवाजी, तुझ्या रक्ताच्या नळ्या दहा वर्षं धुतोय, त्याला मेमध्ये घाम फुटतोय. लागायचा असता तर आधी कुणाला लागला असता?”

तिने प्लेट उजेडाला धरून बराच वेळ पाहिली. ममताच्या खळग्यावर बोट ठेवलं. “हे पोरगी?”

“हीच.”

“पान्यावानी आहे.” मग पदराने डोळे पुसले. “हे थाळीच द्या मले. जेठाले दाखवतो.”

थाळी दिली नाही, पण रिपोर्ट दिला. खाली नेहमीच्या छापील मजकुराशेजारी मी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं, की हा आजार संसर्गाने होत नाही. साहेबांनी सही ठोकली आणि जेठाला दिसावा म्हणून शिक्का दोनदा मारला. ममताची पेटी त्याच संध्याकाळी उघडली गेली आणि तुरजाबाईचं वेगळं ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत मिसळलं, हे मला पुढच्या खेपेच्या सिंगाड्यांबरोबर कळलं. ममताचा गर्भ पडायचं कारण दुसरंच होतं. ते तिच्या डॉक्टरणीने शोधलं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी स्वतःच्या नावाचा फॉर्म भरायला घेतला. दहा वर्षं दर आठवड्याला तपासलेल्या रक्ताचा पहिला फॉर्म. नाव लिहिलं, वय दोन वर्षं कमी लिहिलं, मग खोडून बरोबर लिहिलं. खाली रकाना होता, ‘पेशंट कोणी पाठवला.’ तिथे मी लिहिलं, तुरजाबाई, मु. कामठा.

साहेबांनी चष्मा वर केला. “ये कौन नयी डॉक्टर आई है?”

“जुनीच आहे, सर. आपलं लक्ष नव्हतं.”

त्यांनी सही केली. आमच्या लॅबचा नियम असा, की रिपोर्टची एक प्रत पेशंटला आणि एक पेशंट पाठवणाऱ्याला. नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी देवाजी बसने कामठ्याला गेला आणि माझ्या रिपोर्टची प्रत तुरजाबाईच्या हातात देऊन आला. तिने ती नातेवाइकाकडून वाचून घेतली, घडी घालून कनवटीला लावली, आणि देवाजीबरोबर निरोप पाठवला.

“बाईले सांगजो, गोळी उपासीपोटी घ्याची. चहा अर्ध्या घंट्यानं. अन् बिस्किटावानी बुडवून खाल्ली, तं मी गोंदियाले येऊन रागावीन.”